आधी कुणी काय दिलं?

गाय चरता चरता तार, खिळा, चुका असलं काहीबाही गिळते. ते तिच्या जाळीदार पोटात जाऊन बसतं आणि तिथून हृदयाकडे सरकायला लागलं की जनावर हातचं जातं. म्हणून आम्ही पशुवैद्य गाईला बोटाएवढा लोहचुंबक गिळायला देतो. तो जन्मभर पोटात पडून राहतो आणि येईल तो खिळा धरून ठेवतो. नोकरीत असताना माझ्याकडे असे चुंबक असायचेच. त्यातला एक मात्र गेली कित्येक वर्षं माझ्या जीपच्या हत्यारांच्या पेटीत आहे. डिफरन्शिअलचं ऑइल बदलायच्या वेळी मी काढलेलं काळं ऑइल परातीत ओततो आणि त्यात हा चुंबक सावकाश फिरवतो. नुसती राखाडी साय चिकटून आली तर बरं. चकचकीत तुकडा आला की त्या रात्रीची झोप गेली. परात आमच्या स्वयंपाकघरातली होती. ती पुन्हा तिकडे गेलेली नाही आणि तो विषय घरात अजून निघतो.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, १९९४ सालची. इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०, २११२ सीसीचं डिझेल. चार गिअर, चारही चाकांना कमानपाटे, पुढच्या चाकांना हातानं फिरवून लावायचे हब. मी ती २००५ साली एका वीटभट्टीवाल्याकडून घेतली. माझी नोकरी शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा अशी फिरती. जुलैच्या पावसात, रात्री दोन वाजता, मोटारसायकलवरून गगनबावड्याच्या बाजूच्या एखाद्या वाडीवर अडलेली म्हैस सोडवायला जायचं म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. तेव्हा जीप हौसेखातर घेतली नव्हती. हौस नंतर आली, आणि खरा खर्च तिनंच केला.

भट्टीवाला म्हणाला होता, "इंजिनाकडं बघायचं काम न्हाई डॉक्टर. नुसती हवा धरती जरा."

गोठ्यात पाऊल टाकल्यावर आमचा पहिला प्रश्न 'काय होतंय' हा नसतो. 'आधी कुणी काय दिलं' हा असतो. डॉक्टरला फोन जाण्याआधी जनावराला तेल पाजून झालेलं असतं, शेजाऱ्यानं आपल्या बैलाचं उरलेलं इंजेक्शन टोचलेलं असतं, क्वचित डागणीही देऊन झालेली असते. समोर दिसणारी निम्मी लक्षणं रोगाची आणि निम्मी उपचारांची. हे वेगळं काढता आलं नाही तर आपणही आणखी एक उपचार वर चढवून घरी येतो. वीस वर्षं मी हा प्रश्न न चुकता विचारत होतो. गाडी घेताना मात्र तो माझ्या तोंडून निघाला नाही.

ती उघडायला लागलो तसं उत्तर आपोआप मिळत गेलं. थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता, कारण कुणीतरी सांगितलं होतं की त्यानं इंजिन तापत नाही. तापत नाही हे खरंच. सकाळी ते धड गरमही होत नाही, पांढरा धूर ओकत राहतं आणि आतून झिजतं. एका फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. रेडिएटरच्या पाइपाला क्लिपेऐवजी तार. एकाच झाकणाला चार मापांचे बोल्ट, त्यातल्या दोघांचे आटे गेलेले, म्हणून त्यांना एम-सीलनं बसवलेलं. प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी अडलेली वेळ निघून गेली होती. त्या माणसांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. भट्टीवर विटा भरलेल्या आहेत, माणसं ताटकळली आहेत, तेव्हा जे हाताला येईल ते माणूस लावणारच. फक्त त्यांनी मागे चिठ्ठी ठेवली नव्हती.

आता त्या 'नुसत्या हवे'बद्दल. हे सविस्तर सांगतो, कारण मी खऱ्या अर्थानं पाना हातात घेतला तो त्यामुळे.

सकाळी गाडी झटक्यात सुरू व्हायची. दहा-पंधरा किलोमीटर छान जायची. मग गचके द्यायला लागायची आणि एखाद्या चढावर बंद पडायची. बॉनेट उघडायचं, डिझेल फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करायचा, हाताच्या पंपानं डिझेल मारत राहायचं. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू आवळला की गाडी सुरू. पुन्हा पंधरा-वीस किलोमीटर. एका गॅरेजनं फिल्टर बदलले. दुसऱ्यानं सगळे वायसर बदलले. तिसऱ्यानं डिझेल पंप उतरवून ओव्हरहॉल करून आणला, नऊ हजार रुपये घेतले, आणि त्यानंतर गाडी महिनाभर एकदाही बंद पडली नाही. मी त्याला पेढे दिले. पुढच्या महिन्यात ती मलकापूरच्या अलीकडे उभी राहिली.

डिझेल कुठंच गळत नव्हतं, हे सगळ्यांना चकवत होतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या वाटेवर भोक असलं तर बाहेर थेंब येत नाही, आत हवा जाते. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी फक्त दवाखान्यात ठेवायचो तशी एक वही घातली. तारीख, किती किलोमीटरवर बंद पडली, चढ की सपाट, पाऊस की ऊन, टाकीत डिझेल किती. पाच महिने लिहिलं. एका रविवारी वही उघडून बसलो तर बाकीच्या सगळ्या रकान्यांत गोंधळ होता, शेवटच्या रकान्यात नव्हता. टाकी निम्म्याच्या वर असताना गाडी एकदाही बंद पडली नव्हती. तो पेढ्यांचा महिना आठवला. तेव्हा आमच्याकडे लसीकरणाची मोहीम होती, रोज लांब जायचं म्हणून मी दर दोन दिवसांनी टाकी भरत होतो.

टाकी उतरवली. आतला डिझेल ओढणारा पाइप बाहेर काढला. वरवर ठणठणीत. सायकलचं पंक्चर काढतात तसा बादलीतल्या पाण्यात धरला, खालचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि वरून फुंकर मारली. साधारण मध्यावर एक बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. गंजानं पडलेलं भोक, टाचणीच्या टोकाएवढं. डिझेल त्याच्या वर असेल तोवर त्या भोकातूनही डिझेलच ओढलं जायचं. पातळी खाली गेली की हवा. नवा पाइप ऐंशी रुपयांना बसला.

त्या बादलीसमोर मी बराच वेळ उकिडवा बसून होतो. तीन कारागीर, दहा महिने, काही हजार रुपये. त्यांच्यातल्या कुणालाच काम येत नव्हतं असं नाही. पण गाडी त्यांच्याकडे दोन तास असायची, माझ्याकडे रोज. त्या दिवसापासून शक्य ते काम घरी करायचं ठरवलं.

घरी म्हणजे घराच्या बाजूला काढलेली पत्र्याची पडवी. कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा असा, की आपल्याला जमत नाही ते जमवणारा माणूस सायकलच्या अंतरावर असतो. उद्यमनगरात एक लेथवाला होता. टेबलावर तुटकी वस्तू ठेवली की आधी ती नीट बघायचा आणि मग आपल्याकडे तसंच नीट बघायचा. एकदा मी मॅनिफोल्डचा स्टड तोडून घेऊन गेलो.

"ताकद कुठं लावली?"

"सोडवताना."

"आधी आवळायचा," तो म्हणाला. "जरासा. त्याला वाटलं पायजे आपण त्याच्याच बाजूचे हाय. मग सोडायचा."

गंजलेल्या बोल्टाच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. आधी केसभर आवळला की गंजाची पकड मोडते. त्यावर थोडं डिझेल, थोडा धीर आणि डोक्यावर हातोडीचे दोन बेताचे ठोके. त्यानंतर माझ्या हातून फार कमी स्टड तुटले.

एक गोष्ट मला आयती येत होती. गाभण तपासणीला हात खांद्यापर्यंत आत घालून, काहीही न बघता, बोटांनी ओळखायचं असतं. जीपचा सेल्फ उतरवताना त्याचा वरचा बोल्ट असाच आहे, दिसत नाही, नुसता लागतो. गॅरेजची पोरं त्याला शिव्या घालायची. मी डोळे मिटून काढायचो. हातमोजेही तेच, लांब बाह्यांचे.

आणि एक गोष्ट उलटी होती. जनावराच्या लाथेची मला कधी भीती वाटली नाही, कारण लाथ मारण्याआधी म्हैस कळवते. कान मागं जातात, पाठ ताठते. जॅक काही कळवत नाही. एका पावसाळ्यात मागचं चाक काढून ड्रममध्ये हात घालून बसलो होतो. बायकोनं चहाला हाक मारली म्हणून उठलो, आणि ओल्या फरशीवर जॅक सरकला. ड्रम फरशीत रुतला. फरशीला पडलेला तो खड्डा मी अजून बुजवलेला नाही. तेव्हापासून दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली जात नाही, चार मिनिटांचं काम असलं तरी.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. २०११ पर्यंत गाडी इतकी सुधारली, की दुरुस्त करायला काही उरलं नाही. माझं बिनसलं ते तिथं.

रविवारी जीपा घेऊन चिखलात जाणाऱ्या मंडळींशी ओळख झाली होती. त्यातल्या काहींच्या गाड्या हरियाणातल्या डबवालीहून आलेल्या. जीपा नव्यानं बांधून देणारं ते गाव, तिथली जीप लांबूनच ओळखू येते. रुंद टायर, उंच बैठक, पुढे लोखंडी कठडा, वर दिव्यांची रांग. त्यांच्यात माझी गाडी लावली की ती कुणाची तरी वाट बघत उभी असल्यासारखी दिसायची. मी स्वतःला समजावलं, की वाड्या-वस्त्यांवर जायला उंची लागते. खोटं होतं ते. सहा वर्षं त्याच उंचीवर मी सगळ्या वाड्यांवर गेलो होतो. गाडीला काहीही झालेलं नसताना मी तिला औषध द्यायला निघालो होतो.

मूळचे ६.०० – १६ चे अरुंद टायर काढून ३१ इंची, साडेदहा इंच रुंदीचे घातले. ते आत घासायला लागले म्हणून गाडी उचलायची ठरवली. कमानपाटा जिथं चेसीला लोंबतो ते शॅकल लांब केले. शॅकल दोन इंचांनी वाढवला तर गाडी एकच इंच उचलते, म्हणून मी चार इंचांनी वाढवले. लेथवाल्यानं ते करून दिले, पण पैसे घेताना म्हणाला, "डॉक्टर, ह्ये कशाला पण?" मी काहीतरी उत्तर दिलं. त्यानं ऐकून घेतलं.

गाडी दिसायला लागली, यात वाद नाही. गल्लीतली पोरं जमली. मी टेकून फोटो काढला. तो फोटो आहे अजून.

पंधरा दिवसांनी कळलं, की पन्नासच्या पुढे एखाद्या खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग दोन्ही हातांतून सुटेल इतकं थरथरतं. थांबावंच लागायचं. सायकलचा पुढचा चिमटा जरा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. जीपच्या पुढच्या ॲक्सललाही तसाच थोडा मागे कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. माझी जीप पुढच्या बाजूला शॅकल असलेली. शॅकल लांब झाल्यावर पाट्याचं पुढचं टोक खाली गेलं, ॲक्सल पुढे झुकला आणि तो कल जवळजवळ संपला. चाकांना सरळ राहायचं कारणच उरलं नाही.

हे मला आज दोन ओळींत सांगता येतं. तेव्हा वर्ष लागलं. आधी किंगपिनचे शिम काढून ते घट्ट केले. मग टायरॉडची टोकं बदलली. मग स्टिअरिंगला डॅम्पर बसवला, तेव्हा थरथर दाबली गेली आणि मी जिंकलो असं समजलो. शेवटी पाट्याखाली पाचरी घालून ॲक्सल मागे कलवला तेव्हा खरं थांबलं. पण उंची वाढल्यानं प्रोपेलर शाफ्टचा कोन वाकडा झाला होताच. त्याचे क्रॉस एका वर्षात दोनदा गेले. मोठ्या टायरांनी क्लच प्लेट खाल्ली. स्पीडोमीटर चाळीस दाखवायचा तेव्हा गाडी चव्वेचाळीसच्या आसपास असायची. वरच्या दिव्यांसाठी मी रिले न घालता थेट डॅशबोर्डच्या बटणातून वायर नेली होती. एका संध्याकाळी डॅशबोर्डामागून धूर आला. सिगारेटच्या चांदीला हसणारा मी, आता माझ्या गाडीत माझ्याच हातची चांदी होती.

आणि एवढं करून चिखलात काय? आंबा घाटाजवळ जुलै महिन्यात, लाल मातीच्या एका उतारावर आम्ही सात-आठ गाड्या घेऊन गेलो होतो. माझी गाडी मध्यावर बसली. मी फोर बाय फोरचा दांडा टाकला, लोड गिअर टाकला, आणि रुबाबात ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं माती उडवत खाली जात राहिली. पुढची ढिम्म. कुणीतरी लांबून ओरडलं, "हब लावलास का?" लावले नव्हते. दांडा टाकून नुसता शाफ्ट फिरतो, पुढच्या चाकांना तो जोडायचा असेल तर खाली उतरून प्रत्येक हब हातानं फिरवावा लागतो. मी गुडघाभर चिखलात उतरलो, हब चिखलाच्या आत होते, आणि ते शोधताना मला पुन्हा एकदा माझं शिक्षण उपयोगी पडलं.

हब लावूनही गाडी निघाली नाही. माझे रुंद टायर चिखलावर तरंगत होते, धरत नव्हते. तेवढ्यात त्याच वाटेनं एक शेतकरी आपली जुनी जीप घेऊन खाली आला. मागे खताची पोती, टायर मूळचे, अरुंद. ते वरचा चिखल कापून खालच्या जांभ्यापर्यंत पोचत होते आणि तो सावकाश, गिअर न बदलता चालला होता. त्यानंच मला दोर लावून टोचन करून वर काढलं. दोर सोडताना माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. "मोठी केलीया," एवढंच म्हणाला. त्यात कौतुक होतं की काय होतं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्यानंही मी थांबलो नसतो. थांबलो तो २०१६ च्या मे महिन्यात, करूळ घाटात.

वैभववाडीला नात्यातलं लग्न होतं. बायको शेजारी, आई मागच्या सीटवर. गगनबावडा सोडून घाट उतरायला लागलो, तिसऱ्या की चौथ्या वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ खाली गेलं. लागून थांबलं नाही, नुसतं गेलं, पाण्यात पाय गेल्यासारखं. या गाडीला ब्रेकची लाइन एकच. चारांपैकी कुठंही फुटली की चारही चाकं मोकळी. सुदैवानं दुसऱ्या गिअरमध्ये होतो, घाट गिअरवरच उतरायचा ही जुनी सवय. इंजिन धरून होतं, पण थांबवत नव्हतं. हँडब्रेक ओढला. वेग कमी झाला, गेला नाही. डावीकडं डोंगर होता आणि डोंगराच्या कडेनं पाण्याचं गटार. मी डावी चाकं त्या गटारात घातली. पन्नास-साठ फूट खरडत जाऊन गाडी तिरकी उभी राहिली.

कुणी काही बोललं नाही. मग मागून आईनं डुलकीतून विचारलं, "आली का वैभववाडी?"

पुढच्या ॲक्सलवर जाणारा रबरी ब्रेक पाइप पितळी टोपणाजवळ फुटला होता. तो पाइप मूळ उंचीच्या मापाचा. मी गाडी वर उचलली तेव्हा बाकी सगळ्याचा हिशेब केला होता, त्या वीतभर नळीचा केला नव्हता. चाक प्रत्येक खड्ड्यात खाली लोंबलं की ती ताणली जायची. पाच वर्षं ताणली जात होती. मी दर सहा महिन्यांनी गाडीखाली जायचो, तेव्हा गाडी घोड्यांवर असायची, घोड्या ॲक्सलखाली असायच्या, आणि त्या अवस्थेत नळी आरामात सैल दिसायची.

इथं दोष द्यायला आधीचा मालक नव्हता. गॅरेजवाला नव्हता. 'आधी कुणी काय दिलं' या प्रश्नाचं उत्तर माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत होतं: शॅकल बदलले, २०११, आणि पुढे उद्गारचिन्ह.

गाडी टोचन करून घरी आणली आणि महिनाभर तिला हात लावला नाही. मग एक एक काढत गेलो. शॅकल मूळ मापाचे. पाचरी काढल्या. टायर ६.०० – १६. वरचे दिवे उतरवले. पुढचा कठडाही काढला, आणि पुढच्याच वर्षी, २०१७ च्या डिसेंबरात, केंद्रानं राज्यांना असे कठडे लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं तेव्हा मी द्रष्टा ठरलो. गंमत अशी, की काढायला घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. घालताना मी काही भोकं पाडली होती, काही ब्रॅकेट कापले होते. ते पुन्हा मिळवायला कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांपर्यंत जावं लागलं.

ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या घातल्या त्या वेळची एक संध्याकाळ लक्षात आहे. लाइनमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. पेडलवर बायको होती. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. मी चाकाच्या निपलला सलाइनची पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. या कामाला त्याच्याइतकं चांगलं साधन बाजारात नाही, आतला एकेक बुडबुडा सरकताना दिसतो. मी म्हणायचो, "दाब." ती दाबायची. "धरून ठेव." मी निपल सैल करायचो, बुडबुडे निघायचे, पेडल खाली जायचं. मी आवळायचो. "सोड." हे प्रत्येक चाकाला वीस-पंचवीस वेळा. तिसऱ्या चाकापर्यंत आम्ही दुसरं काहीच बोललो नव्हतो. चौथ्या चाकाशी मी 'सोड' म्हणालो तर वरून आवाज आला, "मी घाटात काही बोलले नाही, ते आता बोलू का?" मी गाडीखालून म्हटलं, "बोल." ती बोलली. मी निपल धरून पडून होतो. तिचं संपल्यावर तिनंच विचारलं, "दाबू?"

नोंदणी २०१९ मध्ये पुन्हा करायची होती. त्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. तपासणीला रांगेत माझ्यापुढे दोन उचललेल्या जीपा होत्या, दोन्ही परत पाठवल्या. माझ्या गाडीभोवती निरीक्षक फिरले, टायर बघितले, वाकून पाटे बघितले. "काहीच केलेलं नाही वाटतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही साहेब." पुढच्या खेपेला, २०२४ मध्ये, फी मात्र सहाशेऐवजी पाच हजार झालेली होती. पर्यावरण कर वेगळा.

दोन बदल मी ठेवले. उरलेल्या दिव्यांना रिले आणि फ्यूज. आणि डिफरन्शिअलच्या श्वासाची नळी. ॲक्सल चालून तापलेला असतो. तसाच ओढ्यात घातला की आतली हवा एकदम आकसते, आणि वरचं श्वासाचं भोक चिखलानं बुजलेलं असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. एकदा झाकण उघडलं तेव्हा आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं होतं. तेव्हापासून त्या भोकाला रबरी नळी जोडून ती वर बॉडीच्या आत नेली आहे. बाहेरून दिसत नाही. तिच्याशेजारी उभं राहून कुणी फोटो काढणार नाही.

मी आता निवृत्त आहे. जीप महिन्यातून दोन-तीनदा बाहेर निघते. गेल्या दिवाळीत मागच्या डिफरन्शिअलचं ऑइल बदलायला काढलं. गल्लीतला एक मुलगा मदतीला होता, त्यानं नुकतीच एक जुनी जीप घेतली आहे आणि माझे ते लांब शॅकल त्याला हवे आहेत. सध्या पापड वाळवायच्या कापडाचे कोपरे दाबायला त्यांचा उपयोग होतो, त्यामुळे माझ्या एकट्याच्या हातात निर्णय नाही, असं मी त्याला सांगितलं.

ऑइल परातीत आलं. गंधकासारखा तो उग्र वास पडवीभर झाला. चुंबक त्याच्या हातात दिला आणि सावकाश फिरवायला सांगितलं. राखाडी साय आली, नेहमीची. कापडानं पुसून दुसरी फेरी मारली, तेव्हा टोकाला तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा चिकटून आला. एक बाजू चकचकीत, एक बाजू काळपट. बॅटरीच्या उजेडात भिंगाखाली धरला. कुठल्या दाताचा, ते कळेना. काळी बाजू बघता तुटून बरेच दिवस झाले असावेत. झाकणातून दिसत होते तेवढे क्राऊनचे सगळे दात चाक फिरवून मोजले, बोट फिरवून बघितले. सगळे शाबूत.

"काका, पूर्ण उघडायचं का?"

मी तुकडा काडेपेटीत घातला. त्या पेटीत आणखी तीन आहेत, तारखेच्या चिठ्ठ्यांसकट. वही काढून किलोमीटर लिहिले.

"नको. ऑइल घाल. हजार किलोमीटरवर परत बघू."

त्यानं म्हशीला औषध पाजायची मोठी पिचकारी उचलली आणि डबा जवळ ओढला.